शेवटचा रकाना

चपला आत घे. बाहेर ठेवल्यास
तर खालच्या शिंप्याची पोरं घालून जातात.
ये. पंख्याखालची जागा तांडेलकाकांची,
सत्तावीस वर्षं ते तिथंच बसतात.
तू दाराशी बस. मीही दाराशीच बसलो होतो.

तर सभासद व्हायचं म्हणजे
तुला वाटलं असेल फोटो, सही, झालं.
फोटो लागतो. दोन जुने जामीन लागतात,
त्यांतला एक तरी तुझ्या वाडीचा नसावा,
वाडीचा माणूस आपल्यासाठी फार सफाईनं खोटं बोलतो.
महिन्याला एक रियाल. पगार थकला तर पाचशे बैसा,
तेही थकले तर शुक्रवारची भांडी.
हिशेब इब्राहीम हुर्झूककडे. मत्र्याच्या बंदरात क्रेनवर असतो,
त्याला वरून सगळ्यांचे खिसे दिसतात.

शपथ आहे. हसू नकोस.
आडोळीवर बसून एक नारळ खवायचा,
सगळ्यांसमोर, न बोलता,
करवंटीचा एक काळा कण ताटात न पाडता.
कुणी सुरू केलं ते कुणालाच ठाऊक नाही.
माझं बोट कापलं होतं.
त्या दिवशीच्या कालवणाला कुणी नाव ठेवलं नाही.

ही वही. ट्रंकेत असते, किल्ली दोघांकडे.
नाव, बापाचं नाव, पासपोर्ट, कंपनी, खोली, रक्तगट
आणि हा शेवटचा रकाना: वाट.

वाट म्हणजे वाट.
एस्टीच्या थांब्यापासून तुझ्या दारापर्यंत.
तालुका, पिनकोड नको, ते पोस्टाला.
डावं लिही, उजवं लिही, झाड, मोरी,
कुत्रं अंगावर येत असेल तर कुत्रं.

मला वाटलं, म्हातारे गावाला आसुसलेत,
त्यांना ऐकायचंय. म्हणून मी रंगवून सांगत बसलो,
आमराई, आमराईतला वारा, विहिरीचं गार पाणी.
तांडेलकाका म्हणाले, आंबे राहू देत.
गाडी कुठवर जाते?

पुढच्या जूनमध्ये भिकाजी वायंगणकर
झोपेत गेला. दुपारच्या पाळीला उठलाच नाही.
कागद सहा दिवस फिरले,
पोलीस, इस्पितळ, कफील, वकिलात, पुन्हा कफील.
कार्गोच्या शेडमध्ये पेटीवर खडूनं वजन लिहिलेलं.
रात्री मी या खोलीत, फोन कानाला,
दाबोळीहून निघालेल्या ड्रायव्हरला
वाचून दाखवत होतो भिकाजीचं अक्षर:

साकव ओलांडू नये. अलीकडे डावा उतार.
सुक्या मासळीची खळी लागतात, वास येईल.
फणसापाशी गाडी थांबते. पुढे पायी, दोनशे पावलं.
पावसात चिऱ्यांवर शेवाळ धरतं, सांभाळून.

ड्रायव्हर म्हणाला, कळलं.
मी ‘सांभाळून’ पुन्हा एकदा वाचलं.

पावती माझ्याकडे त्याआधीची आहे, अकरा महिने आधीची.
पण मला विचारशील तर
मी सभासद झालो तो त्या रात्री,
फोन ठेवल्यावर, वही ट्रंकेत टाकताना.

माझा रकाना बघतोयस? बघ.
तीनदा खोडलाय. आमराई हायवेत गेली,
मोरीचा पूल झाला, थांबा पलीकडे सरकला.
आता एवढंच उरलंय:
पुलाखाली उतरावे. पुढे कुणालाही विचारावे.
मागच्या खेपेला मीच विचारलं एकाला,
दप्तर पाठीवर, असेल दहा वर्षांचा.
म्हणाला, तुम्ही कुणाकडचे?

हां, हे पेन घे.
थांब, पेन्सिलीनं लिही.
आणि तो बघ कोपऱ्यात नारळ,
काकांनी सकाळीच सोलून ठेवलाय.